टाकाऊचा इतिहास : कर्जत-खालापूरच्या घरादारांतून

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका म्हटली की संस्थापकांचे पुण्यस्मरण, दात्यांची नामावली आणि कार्याचा आढावा हे ओघानेच येते व ते उचितही आहे. परंतु या पन्नास वर्षांत आपल्या घरात काय काय आले आणि घरातून काय काय बाहेर गेले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. व्यापारी समाजाला जमाखर्चाची सवय असते. जमेची बाजू आपण नीट लिहिली. खर्चाच्या बाजूला 'टाकले' असे एक खाते असायला हवे होते, ते मात्र कोरेच राहिले. प्रस्तुत लेखात कर्जत व खालापूर या आपल्या दोन तालुक्यांच्या अनुषंगाने ते खाते उघडून पाहण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

आपल्या परिसराचा इतिहास म्हटला की २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला दिलेला धडा आठवतो, कोंढाण्याची लेणी आठवतात, बोरघाट आठवतो. वस्तूंचा इतिहास त्या मानाने क्षुल्लक वाटतो. तथापि समाजाचा स्वभाव जितका त्याच्या पराक्रमातून कळतो, तितकाच तो त्याच्या माळ्यावरून आणि उकिरड्यावरूनही कळतो.

घाटवाट आणि तळे

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे मंदिर आहे. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर माणसे आणि जनावरे तेथे विसावत. तांब्या प्रवाशाचा स्वतःचा असे. पाणी पिऊन तो पुन्हा पडशीत जाई. मागे काही उरत नसे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला, तरीही या व्यवहारात विशेष फरक पडला नाही. बैलाच्या पाठीवर किंवा गाडीत जे न्यायचे, ते मोजकेच न्यावे लागे. आणि जी वस्तू इतक्या कष्टाने आणली, ती टाकण्याचा विचार कोणाच्या मनात येणार?

याचा प्रत्यय माथेरानला आजही थोडाफार येतो. दस्तुरीनाक्याच्या पुढे खाजगी मोटारींना मज्जाव असल्याने तेथे माल जाई तो मुख्यतः घोड्याच्या पाठीवरून वा माणसाच्या डोक्यावरून. ज्याला ओझे वाहावे लागते, त्याला वस्तूची किंमत निराळ्या रीतीने समजते.

वस्तूला पुढचा धनी असे

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कर्जत, नेरळ, खालापूर वा खोपोली येथील कोणतेही घर डोळ्यांसमोर आणावे. तांब्यापितळेची भांडी लग्नात येत आणि त्यांवर नाव व तिथी कोरलेली असे. कल्हईवाला वर्षातून फेरी मारी. भाता चालवून, नवसागराचा धूर काढून भांड्याला पुन्हा नवे रूप देई. लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की बाळाची दुपटी, दुपट्यांची पोतेरी. उरलेसुरले चांगले कपडे बोहारीण नेई आणि बदल्यात भांडे देई. वनस्पती तुपाचा रिकामा डबा धान्याचे माप होई, नाहीतर अंगणात तुळस धारण करी. वर्तमानपत्राचे पुढे दुकानाच्या गल्ल्याखालीच साठलेले असत. त्यांच्या पुड्या बांधण्यात आपल्या पूर्वीच्या पिढ्यांची बोटे तरबेज होती. सुतळीचा तुकडासुद्धा खुंटीवरच्या गुंडाळीत जाई.

शेतावरही तेच. भाताची लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर पानांची आणि बांबूच्या कामट्यांची इरली असत. धान्य कणगीत राही. ठाकर व कातकरी बंधूंची घरे कारवीच्या कुडाची. पळसाच्या पानांचे भारे डोक्यावरून बाजारात येत आणि त्यांच्या पत्रावळी कार्यात वापरल्या जात. पत्रावळ हीसुद्धा एकदाच वापरून टाकायची वस्तू होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. मात्र ती गुरांच्या तोंडी किंवा खताच्या खड्ड्यात जाई आणि वर्षभरात शेतात मिसळे. म्हणजे टाकणे त्या काळीही होते. टाकलेल्या वस्तूला पुढचा धनी असे, इतकेच. घरानंतर बोहारीण, तिच्यानंतर जुना बाजार, अखेर माती. 'कचरा' या शब्दाला त्या वेळी झाडलोटीपलीकडे फारसा अर्थ नव्हता.

काटकसर आणि दारिद्र्य

हे वर्णन वाचून जुने ते सर्व सोने, असा समज करून घेऊ नये. काटकसर ही बऱ्याच घरांत सद्गुणापेक्षा नाइलाजच होती. जुन्या घोंगडीवर ठिगळ लावणाऱ्या कातकरी मातेने काही व्रत घेतलेले नव्हते. आपल्याच मातीत, माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल यांनी कायद्याचे शिक्षण घेतल्यावर कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारी जाण्याची पाळी येऊ नये म्हणून धान्यकोठीचा उपक्रम केला. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी पाड्यांत धान्यकोशाचे काम केले.

हा इतिहास व्यापारी समाजाने विशेषत्वाने ध्यानात ठेवावा. एकाच्या कणगीत तळ दिसत असताना दुसऱ्याच्या कोठारात साठा वाढत होता, ही या परिसराचीही कहाणी आहे. अपरिग्रहाचा विचार केवळ 'कमी वापरा' एवढ्यावर थांबत नाही. आपल्याजवळ जे जादा साचले, ते कोणाच्या वाट्याचे होते, हा प्रश्नही त्यात अंतर्भूत आहे. म्हणून जुन्या काळातून काय उचलायचे, हे विवेकानेच ठरविले पाहिजे. दारिद्र्य परत आणण्याची इच्छा कोणालाही नाही. वस्तूविषयीचा आदर मात्र परत आणण्याजोगा आहे.

रेल्वे, वीज आणि हजार तासांचा दिवा

१८५६ मध्ये रेल्वे कर्जतवरून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. रेल्वेबरोबर बाजार आला आणि बाजाराबरोबर व्यापारी कुटुंबे आली. गाडीला मागून जोर देणारे इंजिन लागेपर्यंत कर्जत स्थानकात घटकाभर विसावा असे. त्या विसाव्यावर कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्धीस पावला.

पुढे १९१५ मध्ये खोपोलीस आणि १९२२ मध्ये भिवपुरीस टाटांची जलविद्युत केंद्रे उभी राहिली. सह्याद्रीच्या माथ्यावर साठविलेला पाऊस नळांतून खाली येऊन मुंबईच्या गिरण्या चालवू लागला आणि वीज करून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगा व पेज या नद्यांत सोडले जाऊ लागले. पाण्याच्या पुनर्वापराचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. वापरले, आणि पुढच्याच्या स्वाधीन केले.

परंतु याच सुमारास जगात उलट दिशेचा विचार आकार घेत होता. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचे ठरविले. तोपर्यंत दीड-दोन हजार तास चालणारे दिवे सर्रास बनत होते. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्यापेक्षा अधिक काळ जळे, त्याला दंड भरावा लागे! वस्तू टिकणे हा गुण न राहता अपराध ठरला, तो असा. १९५५ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने एक छायाचित्र छापले. त्यात एक कुटुंब एकदाच वापरून टाकायच्या ताटवाट्या आनंदाने हवेत उधळत होते; भांडी घासण्याचे श्रम वाचले, हा त्या लेखातील सांगावा. पाचच वर्षांनी, १९६० मध्ये, व्हान्स पॅकार्ड या लेखकाने 'द वेस्ट मेकर्स' हा ग्रंथ लिहून या राहणीची कठोर चिकित्सा केली. पण तोवर वारा सुटला होता, आणि यथावकाश तो घाटाच्या पायथ्याशीही पोहोचला.

पाताळगंगेचा धागा

१९६० च्या दशकापासून खालापूर तालुक्याचे रूप पालटू लागले. रसायनीचा परिसर रासायनिक उद्योगांनी गजबजला, खोपोलीत कारखाने आले. १९८२ मध्ये पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. या उद्योगांनी परिसरातील हजारो हातांना काम दिले, हे निर्विवाद आहे. पॉलिएस्टरने कपडा स्वस्त केला, धुण्याचे आणि इस्त्रीचे कष्ट हलके केले. ज्याच्याजवळ एक सदरा होता, त्याच्याजवळ तीन झाले. हेही एक प्रकारचे सुखच होते.

मात्र त्या धाग्याची गोधडी होईना. सुती लुगड्याप्रमाणे तो मऊ विरत नाही, पाणी टिपत नाही, मातीत कुजत नाही. ज्या रसायनाचा हा धागा, त्याच रसायनाची पाण्याची पारदर्शक बाटली. म्हणजे अंगावरचे वस्त्र आणि रस्त्यावर पडलेली रिकामी बाटली ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

याच दशकात पुडीचे युग अवतरले. दक्षिणेत तमिळनाडूत केस धुण्याच्या शाम्पूची एका वेळेपुरती छोटी पुडी काढण्यात आली आणि बघता बघता ती क्लृप्ती साबणचुरा, चहा, तेल, खाऊ, पानमसाला अशा सर्व मालाला लागू झाली. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला एका रुपयात हवी ती वस्तू मिळू लागली, ही तिची जमेची बाजू. परंतु पूर्वीची पुडी वर्तमानपत्राची होती. चूल पेटवायला उपयोगी पडे. नव्या चकचकीत पुडीत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांस चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही तिला हात लावीत नाही. बोहारणीपासून रद्दीवाल्यापर्यंतच्या सर्व साखळीने जिला नाकारले, अशी ही आपल्या बाजारातील पहिली वस्तू असावी.

आणि वाचकहो, त्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारात कोणी टांगल्या? आपणच टांगल्या. सुटा माल तोलून देण्यात वेळ जाई, सांडलवंड होई, तूट येई. तयार पुडीत तूट नाही, वाद नाही. त्या वेळी त्यात वावगे काही दिसले नाही. ग्राहक खूश, दुकानदारही खूश. म्हणून या इतिहासाचा दोष 'लोकांच्या सवयी बिघडल्या' असे म्हणून गिऱ्हाइकाच्या माथी मारता येणार नाही. गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंना आपण उभे होतो.

द्रुतगती मार्ग आणि पाहुणे

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. ज्या घाटवाटेवर प्रवासी नानांच्या तळ्याचे पाणी पीत, तेथे तो खालापूरच्या फूड मॉलवर बाटलीतले पाणी पिऊन बाटली मागे ठेवून जाऊ लागला. कर्जतच्या माळरानांवर शेतघरे उठली. जमिनीला भाव आला आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांचा ओघ सुरू झाला. पावसाळ्यात धबधब्यांवर इतकी झुंबड उडते, की अपघात टाळण्यासाठी अलीकडच्या वर्षांत प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागले आहेत. पाहुणे परतल्यानंतर खडकांच्या कपारींत काय उरते, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

२६ जुलै २००५ रोजी निसर्गाने या हिशेबाची पहिली मोठी वसुली केली. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्याकडे नेरळ-माथेरानचा लोहमार्ग वाहून गेला. १९०७ पासून धावणारी ती छोटी गाडी पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. मुंबईत पाणी तुंबण्याच्या कारणांत गटारे कोंडणाऱ्या पिशव्यांचाही वाटा असल्याचे ध्यानात आल्यावर २००६ मध्ये राज्य शासनाने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी केली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही बंदी अधिक व्यापक झाली आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे आदी वस्तूंवर देशभर बंदी आली. तीन बंद्या झाल्या, तरी बाजारातून येणाऱ्या हाती पिशवी दिसतेच. सक्तीने पिशवीची जाडी बदलते. हाताची सवय बदलत नाही.

'बाहेर' म्हणजे कोठे?

आपण सहज म्हणतो, 'कचरा बाहेर टाक.' हे 'बाहेर' नेमके कोठे आहे?

आपले दोन तालुके नद्यांच्या उगमाकडचे आहेत. राजमाचीच्या डोंगरातून येणारी उल्हास नदी कर्जतवरून पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या शहरांकडे जाते आणि तिच्या पाण्यावर तेथील लाखो लोकांची तहान भागते. पाताळगंगा खोपोलीवरून खाली उतरून धरमतरच्या खाडीला मिळते. तेव्हा कर्जतच्या नाल्यात पडलेली पिशवी कोणाच्या तरी पाण्याच्या वाटेवर असते. आपले 'बाहेर' हे खालच्या अंगाला राहणाऱ्यांचे 'आत' आहे.

जगाचा हिशेबही असाच आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनले. त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्यापैकी केवळ ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. अन्नाची गोष्ट याहून क्लेशदायक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून. हॉटेले व दुकाने यांना दोष देण्यापूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहावे, असाच याचा अर्थ.

सुधारणा अशक्य नाही. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे घरातच काटेकोर वर्गीकरण करून कचराभूमीचा कायापालट केला. त्या वेळचे तेथील मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी पुढे कर्जत नगरपरिषदेतही हीच पद्धत राबविली. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि ज्यांना समाज नाक मुरडून टाळीत असे, त्यांच्या श्रमाला मान मिळाला. जुन्या बोहारणीचीच ही नवी पिढी म्हणावी लागेल. ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे हे त्यांच्या हातांविषयीचे सौजन्य आहे; काचेचा तुकडा भाजीच्या सालीत टाकताना तो कोणाच्या बोटात रुतणार, याचा विचार ज्याने केला, त्याने अहिंसेचे पाऊल उचलले.

टाकण्याचेही शास्त्र

या संदर्भात आपल्या परंपरेतील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. साधुसाध्वींच्या पाच समितींपैकी पाचवी परिष्ठापनिका समिती. नको असलेली वस्तू कोठे, कशी, कोणत्याही जीवाला पीडा न होता ठेवावी, याचा तीत विचार आहे. चालणे, बोलणे, आहार घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे यांच्याच बरोबरीने टाकणे ही सुद्धा जबाबदारीची क्रिया मानली गेली. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहपरिमाण आहे, भोगोपभोगपरिमाण आहे आणि अनर्थदंडविरमणही आहे. विनाप्रयोजन केलेली हिंसा म्हणजे अनर्थदंड. क्षणभराच्या सोयीसाठी शेकडो वर्षे न कुजणारी वस्तू वापरणे, याला दुसरे नाव शोधण्याची गरज नाही.

उपासकदशांगातील आनंद श्रावकाची कथा आपण ऐकलेली आहे. तो दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा भांडारात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात असलेला तो धनाढ्य गृहस्थ होता. त्याने संपत्तीची मर्यादा घातलीच. पण अंग पुसण्याचे वस्त्र कोणते आणि दातवणाची काडी कोणती, येथपर्यंत त्याची मर्यादा पोहोचली. थोर व्रत अखेर न्हाणीघरात येऊन ठेपते, हे त्या कथेचे मर्म आहे. जेवून झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची आपल्या ज्येष्ठांची रीतही त्याच विचारातून आली. पाणी तुपासारखे वापरावे, ही शिकवण घरोघरी होतीच.

आता थाळी धुऊन पिण्याची ही रीत कागदी वा प्लास्टिकच्या ताटलीत कशी पाळणार? स्वामिवात्सल्याच्या पंगतीनंतर मंडपामागे जो ढीग साचतो, त्यात अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या असतात, उष्टे अन्न असते. अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर उष्ट्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, हे आपण पाठशाळेत मुलांना शिकवितो आणि मंडपामागे त्याच मुलांना वेगळाच पाठ मिळतो.

गावोगावच्या संघांच्या भांडारात आजही पितळी पातेली, स्टीलची ताटे, वाट्या, पेले आहेत. कोणाच्या मासक्षमणानिमित्त, कोणाच्या मातापित्यांच्या स्मरणार्थ दिल्याची अक्षरे त्यांवर कोरलेली आहेत. ती ताटे माळ्यावर का गेली, याचे कारण प्रामाणिकपणे सांगायला हवे. ती घासण्याचे काम घरच्या स्त्रियांवर किंवा अल्प मजुरीच्या बायांवर पडत असे. त्यांची पाठ मोडत होती, म्हणून टाकाऊ ताटली आली आणि त्यांना ती सुटका वाटली, यात त्यांचा काय दोष? म्हणून ताटे खाली काढायची असतील, तर घासणाऱ्या हातांची वाटणी आधी व्हायला हवी. युवकांनी आणि पुरुषांनी बाह्या सारून नळाशी बसावे, अथवा योग्य मोबदला देऊन माणसे नेमावीत. सेवा या शब्दाला त्याविना अर्थ नाही.

सुवर्णमहोत्सवाचा समारंभ जवळ येत आहे. त्या दिवशीची पंगत माळ्यावरच्या ताटांत व्हावी, एवढीच या लेखामागील नम्र विनंती. पुढच्या पन्नास वर्षांनी आपली नातवंडे या संस्थेचा इतिहास लिहितील, तेव्हा ताटांवर कोरलेली नावे त्यांना वाचता येतील. आपण त्या दिवशी टाकलेल्या वस्तूही कदाचित तशाच शिल्लक असतील. त्यांतील कोणती खूण मागे ठेवायची, हे ठरविणे अद्याप आपल्या हाती आहे.